मत गुप्त, मोजणी उघड

(राजगुरुनगर येथे तालुक्यातील बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ज्या गावी जमलो आहोत ते पूर्वीचे खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे हे जन्मग्राम. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासमवेत फाशी देण्यात आले, आणि पुढे या गावाने त्यांचेच नाव धारण केले. अशा गावी मताच्या हक्काविषयी बोलावयाचे तर शब्द तोलूनच वापरले पाहिजेत. कारण ज्या हक्कासाठी माणसे मेली तो हक्क केवळ उत्साहाने सांभाळता येत नाही, त्यासाठी माहिती लागते.

आपणांपैकी काही कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. माझ्याकडे त्यांचे दोन प्रश्न आले. पहिला प्रश्न असा : "आम्ही मत कोणाला दिले हे गावाला कळते काय?" दुसरा प्रश्न असा : "आम्ही ज्याला मत दिले त्यालाच ते मोजले गेले, हे आम्हांस कसे कळावे?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. पहिल्यात आपण म्हणतो, माझे मत कोणासही दिसू नये. दुसऱ्यात म्हणतो, माझे मत मला दाखवा. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हाच आजचा विषय होय.

आरंभी आपल्याच परंपरेकडे पाहू. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सांगितले की, संसदीय पद्धती या देशाला परकी नव्हती. बौद्ध भिक्षुसंघास ठराव, गणसंख्या, मतगणना आणि गुप्त मतदान यांचे नियम ठाऊक होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात हे नियम सविस्तर आहेत. मत देण्यासाठी लाकडाच्या काड्या असत. त्यांना शलाका म्हणत. मत घेण्याच्या तीन रीती होत्या : गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त रीतीत वेगवेगळ्या रंगांच्या शलाका केल्या जात. भिक्षु एकेकटा येई; ही शलाका या मताची आणि ती त्या मताची, असे त्याला सांगितले जाई; आणि त्याने एक उचलली की ती कोणास दाखवू नये, अशी सूचना मिळे.

शलाका वाटणाऱ्या भिक्षूची निवड संघ करीत असे. तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चारींपासून मुक्त असावा, शिवाय कोणती शलाका घेतली गेली आणि कोणती नाही हे जाणणारा असावा, असा नियम होता. परंतु येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बहुमत अधम्माच्या बाजूस गेले असे त्या भिक्षूस दिसले, तर मतदान नीट झाले नाही असे सांगून ते नाकारण्याची मुभा त्याला होती. म्हणजे त्या पद्धतीत गुप्तता होती, पण मोजणीचा सारा भरवसा मोजणाऱ्याच्या सचोटीवर होता. एकाच ध्येयाने बांधलेल्या संघात हे चालत असेल. परंतु ज्या समाजात जात आहे, जमिनीची मालकी आहे, ठेकेदार आहे आणि सत्तेचा लोभ आहे, तेथे मोजणाऱ्याच्या सचोटीवर विसंबून भागत नाही. तेथे मोजणी तपासता आली पाहिजे.

हा हक्क आपणांस सहज मिळालेला नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण भीमरावांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि त्यांची साक्ष आपल्या पुणे शहरातच झाली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते स्वतः उत्तर मुंबईतून पराभूत झाले, तेव्हा त्यांनी अशोक मेहता यांच्यासह निकालाविरुद्ध कायदेशीर अर्ज केला. तो अर्ज फेटाळला गेला. परंतु निकालाविषयी शंका असेल तर ती पुराव्यानिशी, कायद्याने नेमलेल्या जागी मांडावी, हा धडा त्यांनी घालून दिला. शंका घेणे म्हणजे लोकशाहीचा द्रोह नव्हे. आणि केवळ शंका घेतली म्हणून ती सिद्ध झाली, असेही नव्हे.

आता यंत्राकडे वळू. त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि मतदार आडोशाला जाऊन आपली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकी. पुढे मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली. १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर मतदान यंत्र प्रथम वापरले गेले. कायद्यात यंत्राची तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ती निवडणूक रद्द ठरविली आणि त्या केंद्रांवर पुन्हा मतदान झाले. नंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१ अ हे कलम घालण्यात आले, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर यंत्रेच वापरली गेली. ही यंत्रे बंगळूरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या बनवितात. यंत्र कोणत्याही तारेने वा लहरीने बाहेरच्या जाळ्याशी जोडलेले नसते.

यंत्राने काही फायदे निश्चित दिले. मतपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे पेटीत कोंबण्याचा प्रकार कठीण झाला, कारण यंत्र एका मिनिटात ठरावीक मतांहून अधिक स्वीकारीत नाही. चुकीच्या शिक्क्यामुळे मत बाद होणे थांबले. परंतु एक गोष्ट गेली. मतपत्रिका डोळ्यांना दिसत असे आणि हाताने मोजता येत असे. यंत्राच्या पोटात मत जाते ते विजेच्या खुणेच्या रूपात. ते मतदाराला दिसत नाही आणि मोजणाऱ्यालाही दिसत नाही.

२०१० साली हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेतील अॅलेक्स हॅल्डरमन आणि हॉलंडचे रॉप गॉन्ग्रिप यांनी आपल्या यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र प्रत्यक्ष हाती लागल्यास त्यातील मते बदलता येतात असे त्यांनी दाखविले. शिवाय मते ज्या क्रमाने पडली तो क्रम आणि केंद्रावरील नोंदवहीतील मतदारांचा क्रम जुळविल्यास गुप्तताही भंग पावू शकते, असे त्यांनी निदर्शनास आणले. यंत्रे कडेकोट पहाऱ्यात असतात, ती अशी कोणाच्या हाती लागत नाहीत, असे निवडणूक आयोगाचे म्हणणे. दुसरी बाजूही ऐकावी. पुण्याच्या पर्वती मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीबाबत तक्रार झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने एका यंत्राच्या न्यायवैद्यक तपासणीचा आदेश दिला. हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेला त्यात फेरफार आढळला नाही. म्हणजे "होऊ शकते" आणि "झाले" या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंमधील अंतर केवळ तपासणीनेच मोजता येते.

हेच जाणून पावतीचे यंत्र, म्हणजे व्हीव्हीपॅट, आले. २०१३ साली नियम बदलले, नागालँडमधील नोकसेन येथील पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले गेले, आणि त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने मुक्त व न्याय्य निवडणुकीसाठी अशी कागदी पावती अनिवार्य असल्याचे सांगितले. आपण बटण दाबले की काचेआड उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग कापली जाऊन बंद पेटीत पडते.

कोणी विचारतात, ती चिठ्ठी आमच्या हाती का देत नाहीत? बंधूंनो, नीट विचार करा. चिठ्ठी हाती आली असती तर मतदानाच्या सायंकाळी आपल्या दारी कोण आले असते? ज्याच्या शेतावर मजुरी आहे तो आला असता. चाकणच्या कारखान्यात ज्याच्या हाताखाली कंत्राटी काम आहे तो ठेकेदार आला असता. पैसे वाटणारा आला असता. आणि प्रत्येकाने एकच म्हटले असते : "चिठ्ठी दाखव." जो पुरावा मला दुसऱ्यास दाखविता येतो, तो माझ्याकडून हिसकावूनही घेता येतो. म्हणून मतदाराने स्वतः पाहावे, पण बाहेर नेऊ नये, असा हा मार्ग काढलेला आहे. मतदानकक्षात मोबाईल नेऊन चित्र काढण्यास मनाई आहे, तीही याच कारणासाठी. ती मनाई आपल्याविरुद्ध नाही; ती आपले संरक्षण आहे.

परंतु पेटीत पडलेली चिठ्ठी मोजलीच नाही तर तिचा उपयोग काय? ८ एप्रिल २०१९ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचे ठरविले. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात, ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली. तथापि दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास निकालानंतर सात दिवसांत, स्वखर्चाने, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल, असा नवा हक्कही दिला.

पाच केंद्रे पुरेशी आहेत काय? हा भावनेचा प्रश्न नाही, गणिताचा आहे. समजा, एका मतदारसंघात ३०० यंत्रे आहेत आणि त्यांपैकी तीन सदोष आहेत. पाच यंत्रे चिठ्ठी टाकून निवडली, तर सदोष यंत्र हाती लागण्याची शक्यता शंभरात सुमारे पाच. तीस यंत्रे सदोष असली तरी ती शक्यता शंभरात सुमारे एकेचाळीसच. हेही खरे की, राज्यभर २८८ मतदारसंघांत मिळून १,४४० यंत्रे तपासली जातात. तेव्हा सर्वत्र पसरलेला दोष लपून राहणे फार कठीण आहे. परंतु एकाच मतदारसंघात, थोड्या मतांच्या फरकाने लागलेल्या निकालात, पाचांचा आकडा तोकडा पडतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून यावर सुज्ञ उपाय केला आहे. तेथे फरक जितका कमी तितक्या अधिक मतपत्रिका तपासल्या जातात. आपल्याकडेही आकडा ठराविक न ठेवता फरकानुसार ठेवावा, ही मागणी शास्त्राला धरून आहे.

आता मी ज्या घटनेकडे येतो तिच्यात आपले दोन्ही प्रश्न समोरासमोर उभे राहतात. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाचे गाव आहे. मतदारसंघात उत्तम जानकर निवडून आले. परंतु या गावात त्यांना ८४३ आणि प्रतिस्पर्धी राम सातपुते यांना १,००३ मते पडल्याचे दिसले. गावातील जानकर यांच्या समर्थकांना हे पटेना. त्यांनी ३ डिसेंबर रोजी कागदी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस आले आणि ते मतदान सोडून द्यावे लागले.

या प्रसंगी दोन्ही बाजूंनी पुष्कळ आवेश दाखविला. आपण तिसरी बाजू पाहू. समजा, ते फेरमतदान झाले असते. ज्या १,००३ लोकांच्या नावे ती मते होती, त्यांतील गरीब, एकटी, अल्पसंख्य कुटुंबे त्या दिवशी काय करती? मतदानास न गेली तर न जाणे हीच खूण ठरली असती. गेली असती तर सारे गाव समोर उभे. ज्या तपासणीत मतदाराला आपले मत पुन्हा गावापुढे ठेवावे लागते, तीत दुर्बळाचे मत सबळाच्या मतासारखे होऊन जाते. परंतु जमावबंदीने शंकेचे उत्तर दिले, असेही मला म्हणता येत नाही. त्या गावच्या चिठ्ठ्या बंद पेटीत होत्या. त्यांवर कोणाचेही नाव नव्हते. त्या सर्वांसमक्ष मोजल्या असत्या तर कोणाची गुप्तता भंगली नसती आणि शंकाही एका दुपारी मिटली असती. उत्तर पेटीत असताना ते रस्त्यावर शोधण्याची पाळी लोकांवर येऊ नये.

या घटनेत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने मी तिला सर्वांत महत्त्वाची मानतो. गावाने कोणास किती मते दिली, हे मुळात कळले कसे? यंत्रामुळे मोजणी केंद्रवार होते आणि केंद्रवार आकडे प्रसिद्ध होतात. आकडे उघड असणे चांगले. त्यांवाचून ताळा घेता येत नाही. परंतु जेथे एका केंद्रावर एकाच वाड्याचे वा वस्तीचे बहुतेक मतदार असतात, तेथे एकेकट्याचे मत गुप्त राहूनही साऱ्या वस्तीचे मत उघडे पडते. मग "तुमच्या वस्तीने आम्हांस मत दिले नाही" असे म्हणून नळाची जोडणी अडते, रस्ता अडतो, मजुरी अडते. ज्या कुटुंबाने नुकताच धर्म बदलला, ज्याकडे गाव आधीच रोखून पाहते, त्याला हा धोका दुप्पट आहे.

मतपत्रिकेच्या काळी यावर उपाय होता. भीती वा दडपणाची शक्यता असेल तेथे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियम ५९ अ मध्ये आहे. यंत्रासाठी तसाच उपाय 'टोटलायझर' या नावाने निवडणूक आयोगाने २००८ साली सुचविला; त्याने अनेक यंत्रांची बेरीज एकदम मिळते, केंद्रवार आकडा दिसत नाही. कायदा आयोगानेही मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. पुढे केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात या सूचनेस विरोध दर्शविला आणि गोष्ट तेथेच राहिली. मी स्पष्ट सांगतो : मिसळून मोजल्याने केंद्रवार ताळा कठीण होतो, हा आक्षेप खरा आहे. पण दोन्ही साधता येतील. आधी निवडलेल्या यंत्रांच्या चिठ्ठ्या प्रतिनिधींसमक्ष मोजून यंत्राशी ताडून पाहाव्या. आणि जेथे वस्तीवर दडपण आहे तेथे उरलेल्यांची बेरीज एकत्र जाहीर करावी.

बाहेरच्या देशांनीही याच दोन प्रश्नांशी झुंज दिली आहे. २००६ साली हॉलंडमध्ये काही नागरिकांनी दाखविले की, तेथील यंत्राच्या पडद्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी काही अंतरावरून पकडता येतात. एका पक्षाच्या नावातील एका अक्षरावरच्या चिन्हामुळे त्या लहरी बदलत आणि मत ओळखू येई. गुप्तता गेली, शेवटी तो देश २००८ मध्ये कागदाकडे परतला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी निर्णय दिला की, निवडणुकीच्या मुख्य पायऱ्या सामान्य नागरिकास तज्ज्ञाच्या ज्ञानाविना तपासता आल्या पाहिजेत. तशा त्या नसल्यामुळे ती यंत्रे वापरणे घटनाबाह्य ठरले. उलट एस्टोनियात २००५ पासून घरबसल्या संगणकावरून मत देता येते. कोणी बळजबरीने मत द्यावयास लावले तर मतदाराला नंतर पुन्हा मत देता येते आणि शेवटचे तेवढे धरले जाते.

गणितज्ञांनी तर याहून पुढची युक्ती काढली आहे. मत कुलूपबंद करून सर्वांसमोर फळ्यावर लावावे. आपले कुलूप तेथे आहे हे मतदाराने पाहावे. आणि एकही कुलूप न उघडता साऱ्यांची बेरीज बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करावे. अमेरिकेतील टाकोमा पार्क या लहान नगराने २००९ च्या निवडणुकीत या जातीची एक पद्धत वापरली. ही विद्या आपल्या मुलामुलींनी शिकावी, अशी माझी इच्छा आहे. परंतु जी पद्धत गावच्या आजीबाईला समजत नाही, तिच्यावर आजीबाईने केवळ श्रद्धा ठेवावी काय, हा जर्मन न्यायालयाचा प्रश्न तेथेही उरतोच.

आता घरच्या गोष्टीकडे. नगर परिषदेची आणि महानगरपालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि २०२५ मध्ये त्याने स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत पावतीयंत्र न वापरण्याचे ठरविले. एका प्रभागातून अनेक सदस्य निवडावयाचे असल्याने तसे यंत्र उपलब्ध नाही, हे कारण दिले गेले. कारण तांत्रिक असेल. परंतु पाणी, गटार, स्मशानभूमी यांचा निर्णय ज्या निवडणुकीत होतो, तीतच मतदाराला आपली चिठ्ठी दिसू नये, ही उणीव भरून काढलीच पाहिजे. ती मागणी आपण लेखी, पुनःपुन्हा केली पाहिजे.

तोवर आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमक्ष निदान ५० मतांचे चाचणी मतदान होते. त्या वेळी आपला माणूस तेथे हजर असावा आणि चाचणीची मते व चिठ्ठ्या काढून टाकल्या की नाहीत हे त्याने पाहावे. मतदान संपल्यावर एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब नमुना १७ सी मध्ये लिहून प्रतिनिधीस त्याची प्रत दिली जाते. ती प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये आणि मोजणीच्या दिवशी ती यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावी. या कामास पदवी लागत नाही. बेरीज येणारी आपली कोणतीही मुलगी हे करू शकते. विधानसभा-लोकसभेच्या मतदानात ती सात सेकंदे चिठ्ठीवरून नजर हलवू नये. चिठ्ठी चुकीची निघाली तर नियम ४९ एमए अन्वये तक्रार करता येते. मात्र ती खोटी ठरल्यास शिक्षा आहे, म्हणून खात्री करूनच बोलावे. मत कोणास दिले हे सांगण्यास कोणतेही न्यायालयसुद्धा आपणांस भाग पाडू शकत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९४ सांगते. मग सरपंच, मुकादम वा ठेकेदार यांची काय कथा! भगिनींना मी विशेषेकरून सांगतो : हा नियम घरातही लागू आहे. पतीलाही पत्नीचे मत विचारण्याचा अधिकार नाही.

बंधू-भगिनींनो, तथागतांनी आपल्या धम्मास 'एहिपस्सिको' म्हटले : या आणि पाहा. अधिकारी सांगतात म्हणून यंत्र निर्दोष मानणे, ही अंधश्रद्धा. पुढारी सांगतो म्हणून यंत्र सदोष मानणे, हीही अंधश्रद्धाच. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांनी एक अंधश्रद्धा सोडून दुसरी धरावी, हे शोभणारे नाही. आपले मत झाकून ठेवा; मोजणी मात्र उघड्या डोळ्यांनी पाहा. पुढच्या मतदानाच्या दिवशी प्रत्येक वस्तीतून निदान एक प्रशिक्षित प्रतिनिधी केंद्रावर बसलेला असेल, एवढा निश्चय करून आपण येथून उठलो, तर आजची सभा सार्थकी लागली असे मी समजेन.

जय भीम! भवतु सब्ब मंगलम्.